सिंक्रोट्रॉनचा मोठा अपग्रेड: युजरना कधी बोलवायचं आणि त्यांना काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका चालू सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून प्रखर एक्स-रे काढणारं मोठं मशीन) इलेक्ट्रॉन फिरत राहतात ती जुनी स्टोरेज रिंग काढून नवीन मल्टी-बेंड, म्हणजे बरीच लहान वळणं असलेली, रिंग बसवायचा विचार चाललाय, तिथे प्रयोग करायला येणाऱ्या संशोधकांच्या, म्हणजे युजरच्या, कमिटीने दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायचं ठरवलंय, तर युजरना प्लॅनिंगमध्ये नेमकं कधी घ्यायचं, त्यांच्याकडून काय काढून घ्यायचं आणि मशीन बंद असेल त्या काळाचं काय करायचं. मी बरीच वर्षं बीमलाईनवर, म्हणजे रिंगमधून निघालेला एक्स-रे वापरून प्रयोग होतात त्या जागी, काम केलंय, अशा अपग्रेडच्या मिटिंगांमध्ये मशीनवाल्यांच्या बाजूनेही बसलेय आणि युजरच्या बाजूनेही, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी वेळेचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. युजरना लॅटिस, म्हणजे रिंगमधल्या मॅग्नेटची मांडणी, फ्रीज व्हायच्या आधी बोलवा. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, आधी मशीनचं डिझाईन पक्कं होतं, मग मोठं वर्कशॉप होतं आणि त्यात "तुम्हाला ही नवीन रिंग मिळणार आहे, आता सांगा यावर काय सायन्स करणार" असं विचारतात. लोक उत्साहाने सांगतात, छान रिपोर्ट तयार होतो, पण तोपर्यंत ज्या गोष्टी बदलता आल्या असत्या त्या बदलायची वेळ गेलेली असते.

यात अडकतं काय ते सांगते. जुन्या रिंगमध्ये साधारण एका सेलमध्ये दोन मोठे बेंडिंग मॅग्नेट असायचे, आता पाच, सहा, सात लहान लहान बेंड घालतात. इलेक्ट्रॉन बीमचा एमिटन्स, म्हणजे बीमची जाडी आणि फैलाव यांचा एकत्रित हिशोब, एका बेंडच्या कोनाच्या घनाच्या प्रमाणात जातो आणि ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे एक मोठं वळण मोडून बरीच लहान वळणं केली की एमिटन्स धाडकन खाली येतो. स्वीडनमधल्या लुंडच्या मॅक्स फोर सिंक्रोट्रॉनने सात बेंडची रिंग पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली, २०१६ मध्ये तिचं उद्घाटन झालं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफ सिंक्रोट्रॉनने त्याच ८४४ मीटरच्या बोगद्यात आडवा एमिटन्स ४ नॅनोमीटर-रेडियनवरून साधारण १३३ पिकोमीटर-रेडियनवर आणला. अमेरिकेतल्या आर्गॉन लॅबच्या एपीएस सिंक्रोट्रॉनने ऊर्जा ७ वरून ६ जीईव्ही केली, करंट १०० वरून २०० मिलिअँपिअर धरला आणि ३.१ नॅनोमीटरवरून ४२ पिकोमीटरचं डिझाईन केलं.

हे फुकट मिळत नाही. बीम इतका आवळायला क्वाड्रुपोल (बीम फोकस करणारे मॅग्नेट) खूप तगडे लागतात, त्यांच्यामुळे क्रोमॅटिसिटी, म्हणजे वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वेगवेगळे फोकस होणं, वाढते, ती दुरुस्त करायला सेक्स्टुपोल मॅग्नेट तगडे लागतात आणि त्यांच्यामुळे इलेक्ट्रॉनला स्थिर राहायला मिळणारी जागा आक्रसते. मग नेहमीसारखं थोडं थोडं करंट वरून भरत राहणं अवघड होतं. एपीएसने म्हणून स्वॅप-आऊट इंजेक्शन घेतलं, म्हणजे इलेक्ट्रॉनचा दमलेला बंच (पुंजका) अख्खा बाहेर काढायचा आणि त्याच्या जागी पूर्ण भरलेला नवीन बंच घालायचा. शिवाय बंच इतका लहान झाला की त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना ठोकरून बाहेर पडतात आणि बीमचा लाईफटाईम कमी होतो, त्यावर उपाय म्हणून बंच लांबवतात किंवा करंट जास्त बंचमध्ये वाटतात.

आता हे सगळं वाचून युजरला वाटेल की हा मशीनवाल्यांचा विषय आहे, आपलं काय काम. पण बघा, एपीएसची रिंग ११०४ मीटरची आहे, एका फेरीला ३.६८ मायक्रोसेकंद लागतात. जुन्या मशीनवर २४ बंचचा मोड चालायचा, म्हणजे दोन बंचमध्ये १५३ नॅनोसेकंदांचं अंतर. नवीन डिझाईनमध्ये टायमिंग मोड ४८ बंचचा आणि ब्राईटनेस (लहान जागेतून, कमी फैलावात किती एक्स-रे येतो ते) मोड ३२४ बंचचा, म्हणजे अंतर अनुक्रमे साधारण ७७ आणि ११ नॅनोसेकंद. लेझर मारून त्यानंतर एकाच बंचचा एक्स-रे पकडणाऱ्या माणसाचा अख्खा प्रयोग या अंतरावर उभा असतो. त्याचा डिटेक्टर ७७ नॅनोसेकंदांत गेट उघडून बंद करू शकतो का, त्याचा चॉपर (बीम कापणारी फिरती चकती) तेवढ्या फटीतून एक बंच वेगळा काढेल का, बंच लांबवला तर त्याचं टाईम रिझोल्यूशन किती बिघडेल, हे त्याला डिझाईनच्या टेबलावर विचारायला हवं. फिल पॅटर्न (रिंगमध्ये बंच कसे भरायचे ते), बंचची लांबी, वळणांमधल्या सरळ भागाची, म्हणजे स्ट्रेट सेक्शनची लांबी, एक्स-रे निघतो तो सोर्स पॉईंट कुठे येणार, ही सगळी लॅटिसबरोबर गोठणारी मंडळी आहेत. डिटेक्टर नंतर बदलता येतो, मिरर बदलता येतो, सॅम्पल स्टेज तर दरवर्षी बदला. पण एकदा मॅग्नेटची ऑर्डर गेली की हे बदलत नाही.

बेंडिंग मॅग्नेटवरच्या बीमलाईन्सचा मुद्दा याच जातीचा. नवीन रिंगमध्ये बेंड लहान आणि त्यांचं फील्ड बहुतेक वेळा कमकुवत, त्यामुळे जुन्या बेंडमधून जो कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचा, एक्स-रे मिळायचा तो मिळत नाही आणि सोर्सची जागाही सरकते. ईएसआरएफने अंड्युलेटरच्या (सरळ भागात बसवलेली, बीम नागमोडी हलवून एक्स-रे काढणारी मॅग्नेटची रांग) बीमलाईन्सच्या सोर्सच्या जागा तशाच ठेवल्या, पण बेंडवाल्यांसाठी छोटे वेगळे मॅग्नेट आणि दोन किंवा तीन पोलचे विगलर (तसेच बीम हलवणारे छोटे मॅग्नेट) बसवावे लागले. बेंडवाले युजर बहुतेक वेळा अॅबसॉर्प्शन, पावडर डिफ्रॅक्शन, टोमोग्राफी करणारे, संख्येने भरपूर आणि आवाजाने शांत, त्यांना कोणी विचारलं नाही तर ते स्वतःहून येत नाहीत. आणि बेंड म्हणजे दुय्यम असं समजू नका, त्याच अपग्रेडमध्ये बीएम१८ ही साधारण २२० मीटर लांबीची टोमोग्राफी बीमलाईन तीन पोलच्या विगलरवर उभी राहिली आणि आज तिथे अख्खे मानवी अवयव न कापता, आतल्या बारीक रचनेसकट बघतात. लहान सोर्स आणि लांब अंतर यांचा असा उपयोग होतो हे कोणीतरी वेळेत बोललं म्हणूनच ते झालं.

आता काय विचारायचं ते. "तुम्हाला काय हवं" असं विचारू नका, ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. त्या प्रश्नाला सगळीकडे तेच उत्तर येतं, जास्त ब्राईटनेस, लहान फोकस, वेगवान डिटेक्टर, जास्त बीमटाईम. त्याऐवजी प्रत्येक ग्रुपकडून एक पान घ्या: असा कुठला प्रयोग आहे जो तुम्हाला आज करता येत नाही, आणि तो नेमका कुठे अडतो. सॅम्पल काय, किती जाड, कुठली ऊर्जा, किती वेळात काय बदलतं, आत्तापर्यंत प्रयत्न केला असेल तर डेटा दाखवा. एकच पान, पण आकड्यांसकट.

याचा फरक किती पडतो ते एका उदाहरणातून सांगते. एका वर्कशॉपमध्ये बॅटरीवाल्या ग्रुपने आधी नुसतं "शंभरपट ब्राईटनेस" लिहिलं होतं. मग पान भरायला बसवलं. त्यांना चार्ज होत असलेल्या सेलमध्ये लिथियमची आघाडी कशी सरकते त्याचा नकाशा हवा होता, चार्जिंग फास्ट, म्हणून एकेक नकाशा सेकंदांत यायला हवा होता. आज एका पॉईंटला १० मिलिसेकंद एक्स्पोजर होतं, पण स्टेज एका पॉईंटवरून दुसऱ्यावर जाऊन स्थिर व्हायला साधारण १०० मिलिसेकंद जायचे. म्हणजे एका पॉईंटला एकूण ११० मिलिसेकंद. बीम शंभरपट केला तर एक्स्पोजर ०.१ मिलिसेकंद होईल आणि एकूण वेळ ११० वरून १०० वर येईल. बस्स. सगळी रिंग बदलून त्यांच्या प्रयोगाला दहा टक्के सुद्धा नाही. त्यांना खरी गरज होती ती थांबल्याशिवाय फिरत राहणाऱ्या स्कॅनिंगची, एन्कोडरवरून डिटेक्टर ट्रिगर करायची आणि सेलच्या अशा होल्डरची जो वेगात हलवला तरी डुगडुगत नाही. हे झालं की मग ब्राईटनेसचा पुरेपूर फायदा मिळतो. यातला अर्धा भाग तर त्यांनी जुन्या मशीनवरच सुरू केला, अपग्रेडची वाट न बघता.

अजून एक खजिना असतो ज्याकडे कोणी बघत नाही, बीमटाईम मागणारी पण नाकारलेली प्रपोजल्स. मागच्या काही वर्षांतली "सायन्स चांगलं पण तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" असा शेरा पडलेली प्रपोजल्स काढा आणि वाचा. अपग्रेडने काय साधायला हवं याची ती तयार यादी आहे, आणि वर्कशॉपला न आलेल्या लोकांची आहे. वर्कशॉपला येतात ते जुनेजाणते युजर, ज्यांना प्रवासाला पैसे आहेत आणि बोलायची सवय आहे. सॅम्पल पोस्टाने पाठवणारे, कंपन्यांमधले, वर्षातून एकदाच येणारे छोटे ग्रुप, पहिल्यांदा सिंक्रोट्रॉन वापरू बघणारे, हे तिथे नसतात. त्यांना वेगळं गाठावं लागतं, फोन करून, अर्धा तास बोलून.

आता एक गोष्ट युजरना स्पष्ट सांगा, अपग्रेडचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. "शंभरपट" हा आकडा पोस्टरवर छान दिसतो पण प्रत्येक तंत्राचा हिशोब निराळा. फोटॉन कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे द्रव, जेल, काच यांच्यातली हालचाल स्पेकलवरून बघतात त्यात, सिग्नल ब्राईटनेसच्या थेट प्रमाणात जातो आणि वेळेच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात, त्यामुळे ब्राईटनेस १०० पट झाला की तेवढ्याच प्रतीच्या डेटासाठी १०,००० पट लहान वेळापर्यंत जाता येतं. या लोकांसाठी हे नवीन युग आहे, अतिशयोक्ती नाही. टायकोग्राफीसारख्या इमेजिंगमध्ये (विखुरलेल्या एक्स-रेच्या नक्षीवरून कॉम्प्युटरवर चित्र तयार करतात त्यात) मात्र लागणारा डोस रिझोल्यूशनच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १०० पट कोहिरंट फ्लक्सने (लाटा एकमेकींशी जुळलेल्या एक्स-रेच्या प्रवाहाने) रिझोल्यूशन साधारण तिप्पटच सुधारतं. हेही भारीच आहे, किंवा मग तेच रिझोल्यूशन ठेवून शंभरपट मोठा भाग बघा. आणि एक मिलिमीटरचा बीम घेऊन दाबून केलेल्या गोळीवर एक्झाफ्स (एक्स-रेच्या शोषणावरून अणूंची मांडणी शोधायचं तंत्र) करणाऱ्याला ब्राईटनेसचं जवळजवळ काहीच मिळत नाही, त्याला करंट वाढला तर तेवढाच फ्लक्स वाढून मिळतो. हे त्याला आधी सांगितलं तर तो चिडत नाही, तो विचारतो की मग माझ्यासाठी काय, आणि मग रोबोट, पटकन होणारे स्कॅन, चांगले सॅम्पल सेल अशा स्वस्त गोष्टींवर बोलणं होतं. नंतर कळलं तर मात्र तो ग्रुप कायमचा दुरावतो.

डोसचं भान सगळ्यांनाच हवं. क्रायो तापमानाला ठेवलेल्या प्रोटीन क्रिस्टलसाठी ३० मेगाग्रे (ग्रे हे डोसचं एकक) ही सर्वसाधारण मानलेली मर्यादा आहे, ती बीम बदलल्याने बदलत नाही. जो क्रिस्टल आज एका सेकंदात संपतो तो शंभरपट फ्लक्स डेन्सिटीत १० मिलिसेकंदांत संपणार. म्हणून एका क्रिस्टलवर भिस्त ठेवायच्या ऐवजी हजारो लहान क्रिस्टल्समधून थोडा थोडा डेटा गोळा करायची सीरियल पद्धत लागते, आणि ती सॅम्पल बनवण्यापासून शिकावी लागते. पॉलिमर, ओले सॅम्पल, बायोलॉजीवाले, कॅटॅलिस्टवाले सुद्धा, यांना बीमने आपलं सॅम्पल कधी बदलतं हे जुन्या मशीनवरच मोजून ठेवायला सांगा. अॅटेन्युएटर (बीम मंद करणारे फिल्टर) आणि फास्ट शटर प्रत्येक बीमलाईनच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, शेवटी उरलेल्या पैशांत नाही.

डेटाचंही तसंच. साधा गुणाकार करा, चाळीस लाख पिक्सेलचा डिटेक्टर, पिक्सेलला दोन बाईट, सेकंदाला हजार फ्रेम, म्हणजे कॉम्प्रेशनशिवाय सेकंदाला ८ गिगाबाईट आणि तासाला जवळजवळ २९ टेराबाईट. हार्ड डिस्क खिशात घालून घरी जायचे दिवस त्याच वेळी संपतात. युजरना विचारा की प्रयोग चालू असताना पुढचा निर्णय घेण्यासाठी तुम्हाला स्क्रीनवर काय दिसायला हवं, कच्चा डेटा किती दिवस हवा, आणि तुमच्याकडे तो उघडायला माणूस आणि मशीन आहे का. माझं मत विचाराल तर एक बीमलाईन कमी करा पण डेटा प्रोसेसिंगची माणसं कमी करू नका.

बीमलाईन निवडताना भांडणं होतात, होणारच. ईएसआरएफने चार नवीन फ्लॅगशिप घेतल्या, एपीएसने नऊ फीचर बीमलाईन्स, बाकीच्यांना थोडीफार सुधारणा आणि काहींना नवीन जागा. निवडीचे निकष प्रस्ताव मागवायच्या आधी लिहून जाहीर करा, निवड बाहेरच्या लोकांसह करा, आणि जी बीमलाईन बंद होणार किंवा उशिरा सुरू होणार तिच्या युजरना त्याच आठवड्यात कारणांसकट कळवा. अफवेतून कळणं सगळ्यात वाईट.

बंद काळाबद्दल. ईएसआरएफ डिसेंबर २०१८ मध्ये बंद झालं, डिसेंबर २०१९ मध्ये नवीन रिंगमध्ये बीम साठवला गेला आणि युजर परत आले ऑगस्ट २०२० च्या शेवटी. हजारांहून जास्त मॅग्नेट, सगळे गर्डरवर, म्हणजे आधाराच्या तुळयांवर, आधीच बसवून, अलाईन करून ठेवलेले, तरी एवढा वेळ. एपीएस एप्रिल २०२३ मध्ये थांबलं, पहिला एक्स-रे जून २०२४ मध्ये, आणि बीमलाईन्स त्यानंतर एकेक करत उघडल्या. म्हणजे युजरच्या दृष्टीने "एक वर्ष" म्हणजे दीड ते दोन वर्षं धरा, आणि तुमची बीमलाईन यादीत शेवटी असेल तर त्याहून जास्त. पीएचडी तीन-चार वर्षांची असते, तिच्या मधोमध हा खड्डा आला तर विद्यार्थ्याचं काय होणार हा प्रश्न तुमच्या प्लॅनमध्ये लिहिलेला असायला हवा. तारीख कमीत कमी दोन वर्षं आधी जाहीर करा आणि शक्यतो हलवू नका, कारण गाईड लोक त्या तारखेवरून विद्यार्थी घेतात. शेवटच्या दोन-तीन रनमध्ये थिसिस पूर्ण करणाऱ्यांना आणि अर्धवट राहिलेल्या डेटासेटना प्राधान्य द्या. इतर सिंक्रोट्रॉन्सशी बीमटाईमचं बोलणं लवकर करा, पण हे बघून की जगातली बरीच मशीन्स एकाच दशकात अपग्रेड होतायत, त्यामुळे ज्याच्या भरवशावर आहात तेच बंद असू शकतं. स्वित्झर्लंडमधल्या व्हिलिगनचं एसएलएस सिंक्रोट्रॉन सप्टेंबर २०२३ च्या शेवटी बंद झालं तेव्हा एपीएसही बंदच होतं.

आणि दुसऱ्या ठिकाणी बीमटाईम मिळाला तरी सॅम्पल एन्व्हायरन्मेंट तिथे बसत नाही, हे लक्षात घ्या. तुमचा हाय-प्रेशर सेल, भट्टी, फ्लो रिअॅक्टर दुसऱ्या बीमलाईनच्या टेबलावर बसेल का, तिथले सेफ्टीवाले गॅस चालू देतील का, याची तयारी करायलाच काही महिने जातात. यासाठी एक माणूस नेमा, खरंच नेमा, कोणाच्या तरी इतर कामांत भर घालून नको.

स्टाफचं तर बोललंच पाहिजे. शेवटच्या दिवसापर्यंत युजर चालवायचे, आणि त्याच माणसांनी नवीन बीमलाईनचं डिझाईन, टेंडर, टेस्टिंगही करायचं, हे बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेलं असतं. शटडाऊनच्या आधीच्या वर्षात युजर शिफ्ट थोड्या कमी करणं हा मला दिसलेला एकमेव प्रामाणिक मार्ग आहे, आणि युजर कमिटीने स्वतः तो मागावा, कारण मॅनेजमेंट तो स्वतःहून देत नाही. बीमलाईन सायंटिस्ट दमून निघून गेला तर त्याच्या डोक्यातली बीमलाईनही त्याच्याबरोबर जाते.

परत सुरू होतानाचं. पहिल्या काही महिन्यांत बीम येईल पण रोज सारखा नसेल, करंट कमी असेल, व्हॅक्यूम चेंबर अजून तापून गॅस सोडत असतील, मिरर नवीन, एकच ऊर्जा निवडणारा मोनोक्रोमेटर नवीन, त्यातली कंपनं कुठून येतात ते शोधणं चालू असेल. बीम काही मायक्रॉनचा झाला की पूर्वी न दिसणारं सगळं दिसायला लागतं, कूलिंगच्या पाण्याचा पाईप सुद्धा. अशा वेळी नेहमीचं प्रपोजल घेऊन आलेला युजर बिचारा हताश होऊन परत जातो. म्हणून पहिल्या टप्प्यात निवडक, अनुभवी ग्रुप बोलवा ज्यांनी त्या एका पानावर अडलेला प्रयोग नीट लिहिला होता, त्यांना ओळखीचं, आधी मोजलेलं सॅम्पल आणायला सांगा म्हणजे जुन्या डेटाशी सरळ तुलना होईल, आणि बीम गेला तर शिफ्ट आपोआप बदलून मिळेल हे लेखी द्या. खुला प्रपोजल कॉल त्यानंतर काढा, आणि त्यात प्रत्येक बीमलाईनपुढे डिझाईनचे आकडे न लिहिता त्या महिन्यात प्रत्यक्ष मोजलेला फ्लक्स आणि फोकस लिहा.